बाटलीच्या गळ्यातला दोरा

"मैनेऽ… अगं मैने, दार उघड गं राणी…"

ही हाक तिनं शेवटची कधी ऐकली, ते तिला सांगता आलं नसतं. पण हाकेचा जिना तिला पाठ होता. पहिली 'मैने' तळमजल्यावर, दुसरी वळणावर, कठड्याला धरून दम खात, आणि 'राणी' थेट दाराच्या फळीला तोंड लावून. इतकी मधाळ हाक त्या अख्ख्या इमारतीत कुठलाच बाप आपल्या लेकीला मारत नव्हता. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "बघा, कसा जीव आहे पोरीवर!" आणि तेवढ्या वेळात ती पोर पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची.

कारण बाबा शुद्धीत असले की तिला 'ए पोरी' म्हणायचे. ए पोरी, पाणी दे. ए पोरी, चपला जागेवर ठेव. मैना होती ती दारूची. हाक जेवढी गोड, तेवढं पुढचं सगळं कडू. भांडी उडायची, आरसा फुटायचा, आईचा आवाज बारीक होत होत भिंतीत जिरून जायचा.

आई बाटलीला काही बोलायची नाही, बाबांनाही नाही. ती घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. त्याच डब्यातला पांढरा दोरा काढायची आणि बाटलीत दारू जिथवर असेल तिथं, बरोबर त्या रेषेवर, बाटलीभोवती बांधायची. बटणाला मारायची तीच गाठ: तीन वेढे, घट्ट, आणि टोक आत खुपसलेलं. बांधता बांधता ओठातल्या ओठात म्हणायची,

दोऱ्या रे दोऱ्या, पांढऱ्या दोऱ्या, खरं बोल माझ्याशी
माझ्या माघारी कोण आलं होतं तुझ्यापाशी

बाबा काही कमी नव्हते. ते प्यायचे आणि दोरा खाली सरकवून नव्या रेषेवर बांधून ठेवायचे. त्यांना वाटायचं, जमलं. पण बाबा लाकडाला पॉलिश करणारे. कापसाच्या गोळ्यावर मलमलीचा तुकडा घेऊन त्याचा बोळा बांधायचा, वर पीळ द्यायचा आणि फासाची गाठ मारायची, ओढली की सुटणारी. जन्मभर बोटांना तीच सवय. आई सकाळी बाटली उजेडाकडे धरायची. रेषा दोऱ्याला लागलेली असायची आणि गाठ मात्र बोळ्याची. आई बाटली जागेवर ठेवायची, लेकीकडे एकदा बघायची आणि चहाचं आधण चढवायची. त्या एका नजरेत मायलेकींचं सगळं बोलणं होऊन जायचं.

मग आई गेली. आणि आई गेल्यावर बाबांची दारू सुटली. कशी सुटली, कुणी सोडवली, कुणाला ठाऊक नाही. जिनं आयुष्यभर दोरे बांधले तिला तो शेवटचा दोरा सोडायला मिळाला नाही, एवढंच लेकीच्या मनात राहिलं. त्यानंतर ह्या घरात बाटली आली ती फिनेलची नाहीतर तेलाची.

आणि आज सकाळी ओट्यावर, कांद्याच्या परडीशेजारी, रेड वाइनची बाटली उभी होती. तिनं स्वतःच्या हातानं आणलेली.

*

आणायला लावली वस्तादांनी. ती ज्या हॉटेलात भट्टीवर काम करायची, तिथले ते मोठे आचारी. गुडघे गेले म्हणून आता घरी बसणार होते. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, रविवारी पाहुणे येणार आहेत, त्यांना ती फ्रेंच कोंबडी हवी आहे, वाइनमध्ये शिजवलेली. ती हिनं नीट केली तर वस्तादांची जागा हिची.

"कोक ओ व्हँ," वस्ताद म्हणाले होते. "नावाला घाबरू नकोस. कोंबडी ती कोंबडीच. फक्त शिजायच्या आधी दिवसभर वाइनमध्ये लोळते, एवढाच तिचा थाट. घरी एकदा करून बघ. इथं चुकलीस तर मालकीणबाई तुलाच वाइनमध्ये भिजत घालतील."

"घरी नको वस्ताद."

"का गं? घरी काय मांजर आहे?"

ती हसली होती. काय सांगणार? ह्या हॉटेलात तिचे बाबा म्हणजे सज्जन, शांत, रिटायर म्हातारे होते. मालकीणबाईंच्या जेवणाच्या टेबलाला त्यांनीच पॉलिश केलेलं, अजून त्यात तोंड दिसतं. वस्तादांनी बाटली कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत घातली आणि दारावरच्या पहारेकऱ्याला तेवढ्यापुरतं सांगून ठेवलं. "अर्धी कोंबडीला आत्ता, अर्धी शिजवताना. सगळी आधीच ओतलीस तर चव मरते. आणि एक तुकडा वर राहू देऊ नकोस हं. बुडलेला भाग जांभळा, वर राहिलेला पांढरा. ताटात वाढल्यावर सर्कशीतला विदूषक दिसतो."

म्हणून सकाळी ती लवकर उठली. तंगड्या पुसल्या. पातेल्यात कांदा, गाजर, ठेचलेला लसूण, मिरे, तमालपत्र. मग बाटलीचं बूच निघालं आणि तो वास आला. आंबट, गडद, ओल्या लाकडासारखा. वाइन बाबांनी कधी प्यायली नव्हती, ती श्रीमंतांची. तरीही तिनं बाटली अंगापासून लांब धरली. नाकाला कुठं कळतो दारू-दारूतला फरक?

"काय गं ते?"

बाबा दारात उभे होते. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात दाताचा ब्रश.

"वाइन आहे बाबा. स्वयंपाकाची."

"स्वयंपाकाची," बाबा म्हणाले.

"रविवारच्या पाहुण्यांसाठी शिकतेय. कोंबडी भिजवायची यात. तुमच्यासाठी वेगळी करणार आहे, साधी, रश्शाची."

"बरं." ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "बूच नीट लाव. माशा येतात." आणि निघून गेले.

तिनं अर्धी बाटली पातेल्यात ओतली. पातेलं पसरट निघालं. तंगड्यांची हाडं आणि गुडघे वर राहिले, उथळ पाण्यात उभ्या राहिलेल्या म्हशींसारखे. दुसरं भांडं काढून सगळं उलटायला वेळ नव्हता, बस चुकली असती. संध्याकाळी बघू म्हणत तिनं झाकण ठेवलं आणि पातेलं फ्रिजमध्ये सरकवलं.

उरली अर्धी बाटली.

हॉटेलात परत न्यावी, तर दारावरचा पहारेकरी येता-जाता पिशव्या उघडतो. कामगाराच्या पिशवीत बाटली सापडली की नोकरी त्याच पावली संपते. खाली शिंपीणकाकूंकडे ठेवावी, तर काकू चांगल्या, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. मोरीत ओतून द्यावी, तर संध्याकाळी शिजवायचं कशात? ती घरभर बाटली घेऊन फिरली. न्हाणीघरात बाबा चूळ भरत होते. शेवटी तिनं ती पिठाच्या डब्यामागे उभी केली आणि काढलेला हात परत मागे गेला.

आईचा डबा अजून फडताळात होता. पांढरा दोरा अजून त्यात होता.

बांधते आहे हे तिला कळलं तेव्हा गाठ मारून झाली होती. तीन वेढे, टोक आत. लेबलच्या वरच्या कडेला, अगदी रेषेवर. हात तिचे, पण बोटं आईची. ती स्वतःवरच चिडली. सोडावा का? बाबा बाहेर आले, "ए पोरी, तुझी बस," म्हणाले आणि ती पळाली.

*

दिवसभर तिचा जीव टांगणीला लागला.

दुपारी तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. झोपले असतील, ती म्हणाली. पुन्हा लावला. न्हाणीघरात असतील. तिसऱ्यांदा लावताना तिला म्हणायला काही उरलं नाही.

"आज तुझं मीठ कुठं हरवलंय?" वस्तादांनी सूप चाखून तोंड वाकडं केलं. "हे सूप आहे की आजाऱ्याच्या तोंडाची चव?"

"टाकते."

"आधी श्वास टाक. कोंबडी भिजवलीस ना? मग ती पळून जाणार नाही. तिला पाय आहेत, पण ते तूच वेगळे केलेस."

तिला हसू आलं नाही. वस्तादांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि मीठ स्वतःच टाकलं.

शेवटी तिनं शिंपीणकाकूंना फोन केला. मशीनची खडखड थांबली.

"अगं, वरती जाऊन बघू का? पण काही काळजी करू नकोस, बाबा मजेत आहेत."

"मजेत म्हणजे?"

"म्हणजे गुणगुणतायत की! मघापासून. इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं बाई. छान गातात गं तुझे बाबा!"

काकू ह्या इमारतीत आल्या त्या बाबांची सुटल्यावर. बाबांचं गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. हिनं ऐकलेलं होतं. आधी गुणगुण, मग गाणं, मग हाक, मग भांडी. पावसाआधी वारा सुटावा तसा त्या गाण्याचा क्रम ठरलेला.

"वस्ताद, मी जाऊ?"

"जा," वस्ताद म्हणाले. कारण विचारलं नाही. सुरी तिच्या हातातून काढून घेतली फक्त, कारण ती सुरी घेऊनच निघाली होती.

*

बसमधून उतरताना तिला वाटत होतं, पोचूच नये. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिनं कान दिला. काही नाही. वळणापर्यंत काही नाही. किल्ली काढायला तिनं पिशवीत हात घातला, किल्ल्यांचा आवाज झाला, आणि आतून, बंद दाराच्या त्या बाजूनं, हाक आली.

"मैने? आलीस का गं?"

ती जागच्या जागी थिजली. इतक्या वर्षांत जिना उलटा झाला होता. तेव्हा हाक बाहेर आणि ती आत. आता ती बाहेर आणि हाक आत. दोघांच्या मधली दाराची फळी तेवढी तीच. तिचा हात आपोआप तोंडावर दाबला गेला, नजर जणू पलंग शोधू लागली. परत खाली जावं, काकूंकडे बसावं, मशीनची खडखड ऐकत राहावं. पण दार उघडलं.

बाबा उभे होते. आंघोळ केलेली. इस्त्रीचा शर्ट. केस पाणी लावून चापून बसवलेले. डोळ्यांत चमक. चमक! त्या चमकेवर विश्वास ठेवायचा नसतो, हे ती वाचायला शिकायच्या आधी शिकली होती.

"लवकर आलीस?"

"हं. काम संपलं." ती त्यांच्या अगदी जवळून आत गेली, मुद्दाम, श्वास ओढून. साबण. आणि साबणाखाली लवंग.

लवंग.

प्यायल्यावर बाबा लवंग चघळायचे. घरात लवंगेचा वास आला की आई गॅसवरचं गरम भांडं आधी मागे सरकवायची.

"दाढ दुखतेय का बाबा?"

"नाही गं. का?"

"काही नाही. फोन उचलला नाहीत."

"वाजला होता का? मी मोरी घासत होतो, नळ सुरू होता. मग अंघोळ. ऐकूच आला नसेल."

ती स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा बाजूला केला. बाटली होती. तिनं ती खिडकीकडे धरली, आईनं धरावी तशी, उजेड बाटलीतून आरपार यावा म्हणून. वाइनची रेषा बरोबर दोऱ्यावर. केसभरही खाली नाही.

एक क्षणभर तिला स्वतःची लाज वाटली.

मग तिला लेबल दिसलं. सकाळी दोरा लेबलच्या वरच्या कडेला होता. आता तो लेबलच्या मधोमध होता, छापलेल्या द्राक्षांच्या घडावर. तिनं बाटली फिरवली. पाठीमागे गाठ होती.

पीळ देऊन मारलेली फासाची. ओढली की सुटणारी. बोळ्याची.

*

काही बोलली नाही ती. बोलायचं नसतं, बाटली जागेवर ठेवायची असते. आईकडून तिनं काजं-बटणं घेतली नाहीत, पण हे मात्र बरोबर घेतलं. ती पदर खोचून कामाला लागली, आणि बाबा, कधी नव्हे ते, स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले.

"दे काहीतरी मला. ते बारके कांदे दे, सोलतो."

तिनं कांदे दिले. सुरी दिली नाही. "नखांनी निघतात," म्हणाली. गरम पाण्यात घालून दिले. बाबांच्या बोटांकडे ती तिरक्या नजरेनं बघत राहिली. थरथरत होती का? हो. पण ती आता वयानंही थरथरायची. किती थरथर वयाची आणि किती बाटलीची, हे कसं ओळखायचं? कोपऱ्यातला जड तवा तिनं हळूच ओट्याखाली सरकवला. कपाटातल्या काचेच्या बशा खालच्या खणात गेल्या. घरात वादळ यायचं असलं की ती असं आवरायची, लहानपणापासून. बाबा काहीतरी सांगत होते, शेजारच्या गॅलरीतल्या कबुतरांचं. आवाजात गोडी होती. ह्या गोडीनंच तिच्या अंगावर काटा येत होता.

कढईत तिनं बेकनचे तुकडे टाकले. चरबी सुटली, तुकडे कुरकुरीत झाले, ते काढून ठेवले. आता त्याच चरबीत कोंबडी लाल करायची. तिनं फ्रिजमधून पातेलं काढलं आणि झाकण उघडलं.

आणि ती बघतच राहिली.

म्हशी बुडाल्या होत्या. वर हाड नव्हतं, गुडघा नव्हता. वाइनचा सपाट, काळसर थर होता, त्याच्यावर तमालपत्राचं एक पान, आणि तळाला सगळ्या तंगड्या गुपचूप झोपलेल्या. तिनं चिमट्यानं एक उचलली. वरपासून खालपर्यंत जांभळी. दुसरी उचलली. तीही. एकही विदूषक नाही.

अर्ध्या बाटलीत ह्या तंगड्या बुडत नव्हत्या. सकाळी तिनं स्वतः बघितलं होतं.

"ह्यात कुणी काही घातलं का?" तिनं विचारलं. आवाज बारीक निघाला, भिंतीत जिरणारा.

बाबांचे हात कांद्यांत थांबले.

"मी घातलं," ते म्हणाले. "दूध काढायला फ्रिज उघडला. म्हटलं बघू तरी, काय शिकतेय पोरगी. तर सगळी हाडं वर. लाकूड पॉलिशमध्ये अर्धं बुडवलं तर दोन रंगांचं होतं. म्हटलं कोंबडीचंही तसंच असणार. मग बाटली शोधली आणि थोडी ओतली. चुकलं का?"

"नाही. बरोबर केलंत."

"उरलेली पुरेल ना तुला?"

"पुरेल."

ती तंगड्या कोरड्या पुसू लागली. तिला आता पुढचं विचारायचं नव्हतं आणि त्याशिवाय पुढं जाताही येत नव्हतं. बाबांनीच एक कांदा सोलला, वाटीत टाकला आणि वाटीकडे बघत म्हणाले,

"दोरा बघितलास ना?"

"हं."

"मीही बघितला. हात डब्यामागे घातला आणि बोटाला दोरा लागला. तुझ्या आईचाच वाटला. म्हटलं, ही कुठून आली परत." ते जरा हसले, पण त्यात हसू नव्हतं. "ओतून झाल्यावर बघतो तर रेषा खाली, दोरा वर. म्हटलं, आता ही घरी येणार, बाटली उजेडाला धरणार. मग काय, सरकवला. बांधून झाल्यावर कळलं, अरे, मी तर प्यायलो नाही! मग सरकवला कशाला? खरं होतं माझ्याकडे, आणि हात मात्र जुन्याच वाटेनं गेला."

कढईत चरबी तडतडली. तिनं तंगड्या एकेक करून सोडल्या, कातडी खाली. चर्रर्र आवाजानं घर भरलं.

"गाठ कळते," मग ती म्हणाली, कढईकडे बघत. "तुमची वेगळी असते. आईलाही कळायची."

बाबांनी हातातला कांदा खाली ठेवला. "नेहमी?"

"नेहमी."

"आणि बोलली नाही कधी."

"नाही."

त्यांनी मान हलवली. सोललेले कांदे एकावर एक रचत राहिले. पांढरे, ओले, बटणांसारखे.

*

तंगड्या लाल झाल्या. तिनं त्या काढल्या, त्याच कढईत भिजलेला कांदा-गाजर परतलं, वर चमचाभर मैदा भुरभुरला, टोमॅटोचा दाट लगदा घातला. भिजवणाची वाइन गाळून ओतली. ती फुगून वर आली, मळकट फेस धरला, तिनं फेस काढून टाकला. मग बाटली घेतली. दोरा ओढला. तो लगेच सुटला, तशी गाठच होती ती. दोरा तिनं ओट्यावर ठेवला आणि बाटली कढईत रिकामी केली.

वाफ उठली. डोळ्यांना झोंबणारी, कच्ची. वस्तादांनी सांगितलं होतं, वाफेवर तोंड धर, डोळे चुरचुरले म्हणजे वाइन अजून वाइनच आहे. चुरचुर थांबली की ती रस्सा झाली. पण सगळी दारू उडून जाते असं वस्ताद छातीठोकपणे म्हणत नव्हते. म्हणून शेजारच्या शेगडीवर बाबांची वेगळी कोंबडी, नुसत्या पाण्यातली, गाजर आणि मशरूम घातलेली.

आच मंद केली, झाकण ठेवलं. आता वाट बघायची.

तिला कळलं होतं. बाबा प्यायले नव्हते. पातेलं खोटं बोलत नव्हतं. सगळं जुळत होतं, रेषा, गाठ, जांभळ्या तंगड्या. मग भीती गेली का नव्हती? ती अजून तिथंच होती, छातीच्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन. ओट्याखालचा तवा बाहेर काढायला हात होत नव्हता.

"लवंग कशाला चघळत होतात?" तिनं विचारलं. चौकशीसारखं निघालं ते.

"बूच काढलं तर वास नाकात बसला. जाईना. नको म्हटलं, दिवसभर सोबत नको याची." बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. "खरं सांगू? बाटली हातात होती आणि घरात कुणी नव्हतं. मी घाबरलो होतो गं. ओतता ओतता मनात म्हणत होतो, आता होईल, आता होईल काहीतरी. आणि काही झालं नाही. बूच लावलं, ठेवली. मग इतकं हलकं वाटायला लागलं की काय करू कळेना. मोरी घासली. नवा शर्ट घातला. गाणंसुद्धा म्हटलं थोडं. शिंपीणबाईंना ऐकू गेलं असेल, काय म्हणतील त्या."

"छान गातात म्हणाल्या."

"खरंच?" बाबांचा चेहरा फुलला. लहान मुलाचा असावा तसा.

तिनं मशरूम वेगळे परतले, बारके कांदे तुपकट सोनेरी केले. झाकण काढून तोंड वाफेवर धरलं. चुरचुर नव्हती. तिथं आता मांसाचा, लसणाचा, गोडसर जुन्या लाकडाचा वास होता. रस्सा चमच्याच्या पाठीला धरत होता. तिनं चव घेतली. मीठ बरोबर होतं. वस्तादांची जागा कदाचित तिची होती, आणि ह्या क्षणी तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

टेबलावर दोन भांडी आली. एक काळसर लाल, एक पिवळट. पावाचे जाड तुकडे. टेबल बाबांनीच पॉलिश केलेलं होतं, त्यात दोघांचे चेहरे उलटे दिसत होते. बाबांनी लाल भांड्यावर वाकून नुसता वास घेतला आणि मान डोलावली.

"जमलंय. रंग बघ काय चढलाय. शिसवीला असा चढतो."

मग ते आपल्या पिवळ्या भांड्याकडे वळले, ताटली पुढं केली, आणि त्याच हलक्या, मोकळ्या, आजच्या दिवसाच्या आवाजात म्हणाले,

"वाढ गं मैने."

पळी तिच्या हातातून भांड्यात पडली. रस्सा टेबलावर उडाला. ती दोन पावलं मागं सरली होती, पाठ भिंतीला लागली होती, आणि आपण तिथं कशा पोचलो हे तिला कळलं नव्हतं.

बाबा ताटली धरून बसून राहिले. "काय झालं? भाजलं का?"

"नाही."

"मग? अगं, एवढं काय… मी प्यायलो नाही, तू बघितलंस ना स्वतः?"

"बघितलं. माहीत आहे मला."

"मग आता कसली भीती, मैने?"

त्यांनी ते फार मायेनं विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या काळातलं सगळं त्यांनी टाकून दिलं होतं आणि एवढं एकच नाव जपून ठेवलं होतं, चांगलं म्हणून, आपल्या हातून घडलेलं एकुलतं एक चांगलं म्हणून. आज ते त्यांनी धुऊनपुसून, इस्त्री करून बाहेर काढलं होतं. तिला ते दिसत होतं. आईसारखं एकदा बघावं आणि चहाचं आधण चढवावं, तेही तिला येत होतं. दोरा अजून ओट्यावर पडलेला होता, सुटलेला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण भिंतीत जिरला नाही. "मला मैना म्हणू नका. शुद्धीत तुम्ही मला कधी मैना म्हणाला नाहीत. जिन्यावरून ती हाक आली की मी पलंगाखाली जायचे, आणि तुम्ही दारात राणी-राणी करायचात, आणि मी तोंडावर हात दाबून धरायचे, श्वास ऐकू जाऊ नये म्हणून. आज दाराबाहेर मी तेच केलं. तुम्ही प्यायला नव्हतात तरी केलं. त्या नावाची मला भीती वाटते, बाबा. तुमच्यापेक्षा जास्त. 'ए पोरी' म्हणा मला. त्याच्याइतकं गोड मला दुसरं काही नाही."